चार चाकांची ओढ : ट्रॅक्टरच्या निमित्ताने तुलना शिकवणारा एक पाठ

इयत्ता : आठवी ते दहावी
विषय : विज्ञान व गणित (एकत्रित उपक्रम)
तासिका : पाच, शिवाय रविवारचा एक शिवारातला तास



शिरोळ तालुका म्हणजे नद्यांचा तालुका. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चारही नद्यांचं पाणी आपल्या शिवाराला लागतं. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. नदीकाठची जमीन काळी, भारी आणि पाणी धरून ठेवणारी. ऊस, भाजीपाला, सोयाबीन, सगळं पिकतं. पण पाऊस झाला की रानात घात यायला वेळ लागतो. वरून वाळलेलं दिसतं, पाय टाकला की खाली चिखल. अशा रानात ट्रॅक्टर रुतलेला न पाहिलेलं मूल आपल्या वर्गात शोधून सापडणार नाही.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत गावागावांत 'फोर बाय फोर' हा शब्द रुळला. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारा ट्रॅक्टर घ्यावा की नेहमीचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा? छोटा घ्यावा की मोठा? ह्या कंपनीचा की त्या? घराघरांत चर्चा होते, वाद होतात आणि शेवटी बऱ्याचदा 'पाहुण्यांनी घेतलाय, चांगला चाललाय' एवढ्यावर निर्णय होतो. रक्कम लाखांतली, कर्ज पाच-सात वर्षांचं. निर्णय चुकला तर त्या घरातल्या मुलांची फी, बहिणीचं लग्न, आजीचं औषधपाणी, सगळ्यावर त्याची सावली पडते.

आणि गंमत बघा, हा निर्णय नीट घ्यायला जे लागतं ते सगळं आपण वर्गात शिकवतो! घर्षण, बल, शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर. फक्त ते रानापर्यंत पोचत नाही. ते पोचवण्यासाठी हा पाठ. कोणता ट्रॅक्टर चांगला हे इथे सांगितलेलं नाही. 'चांगला' हे ठरवायचं कसं, ते मुलांनी शिकावं एवढाच हेतू आहे.

पाठाची उद्दिष्टे

१. चार चाकांना ओढ दिल्याने नेमकं काय बदलतं, हे घर्षणाच्या आधारे सांगता येणे.
२. चाकाची घसरण मोजता येणे.
३. माहितीपत्रकातले आकडे वाचता येणे, त्यातलं काय दिलंय आणि काय दिलेलं नाही हे ओळखणे.
४. 'विश्वासार्ह' या शब्दाला आकड्यात मांडता येणे.
५. गरजेनुसार गुणभार देऊन तुलना करणे.

आधी थोडं क्वाडबद्दल

मुलं मोबाईलवर परदेशातल्या शेतांचे व्हिडिओ बघतात. त्यात मोटरसायकलसारखं हँडल असलेली, फुगीर टायरांची चार चाकी गाडी दिसते. तिला क्वाड म्हणतात. 'गुरुजी, तसली गाडी आपल्याकडे का नाही?' हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर तयार ठेवावं.

होंडा कंपनीने १९७० साली तीन चाकांची अशी गाडी अमेरिकेत विकायला काढली. चार चाकांची गाडी सुझुकीने १९८२ च्या सुमारास आणली आणि १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना ओढ असलेलं मॉडेल बाजारात आणलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये शेकडो एकरांच्या कुरणांवर मेंढरं हाकायला, कुंपण तपासायला, खताची पोती न्यायला ही गाडी उपयोगी पडते. तिथे अंतर मोठं आणि ओझं कमी असतं. आपल्याकडे उलट आहे. रान दोन-चार एकराचं, पण नांगरट खोल आणि उसाचं ओझं टनांत. क्वाडच्या मागे नांगर चालत नाही आणि उसाची ट्रॉली तर हलणारच नाही. म्हणून 'चारही चाकांची ओढ असलेलं कामाचं वाहन' म्हटलं की आपल्या शिवारात ट्रॅक्टरच समोर येतो. तुलना करायची रीत मात्र दोन्हीकडे तीच.

भाग १ : चाक फिरतं, पण गाडी का सरकत नाही?

फळ्यावर एक ट्रॅक्टर काढा. मागची चाकं मोठी, पुढची लहान. मुलांना विचारा, 'इंजिनात ताकद आहे, चाक गरगर फिरतंय, तरी ट्रॅक्टर जागेवरच. ताकद गेली कुठे?'

उत्तर असं की ट्रॅक्टरला पुढे ढकलणारी शेवटची गोष्ट इंजिन नाही, ती टायर आणि माती यांच्यातली पकड आहे. ही पकड दोन गोष्टींवर ठरते. त्या चाकावर वजन किती आहे आणि माती कशी आहे. वजनाला पकडीच्या गुणांकाने गुणलं की जास्तीत जास्त ओढ किती मिळेल याचा अंदाज येतो.

आता गणित. आकडे वर्गासाठी सोपे घेतले आहेत. समजा ट्रॅक्टरचं वजन २,००० किलो. साध्या ट्रॅक्टरमध्ये वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग मागच्या चाकांवर असतो. आपण ६५ टक्के, म्हणजे १,३०० किलो धरू. ओल्या रानात पकडीचा गुणांक ०.४ आणि कडक रानात ०.७ धरू. नांगराला ६०० किलोची ओढ लागते असं समजू.

ओल्या रानात :
मागची दोन चाकं ओढत असतील तर १,३०० × ०.४ = ५२० किलो. नांगराला ६०० हवेत. चाक फिरणार, ट्रॅक्टर रुतणार.
चारही चाकं ओढत असतील तर २,००० × ०.४ = ८०० किलो. नांगर निघाला.

कडक रानात :
दोन चाकांची ओढ १,३०० × ०.७ = ९१० किलो.
चार चाकांची ओढ २,००० × ०.७ = १,४०० किलो.
नांगराला ६०० च लागतात. म्हणजे दोन्ही ट्रॅक्टर काम करतात!

इथे थांबा आणि मुलांनाच निष्कर्ष काढू द्या. चार चाकांची ओढ सगळीकडे, सदासर्वकाळ उपयोगी असते असं नाही. जिथे माती पकड देत नाही तिथे तिचा फायदा आहे. डांबरी रस्त्यावर ऊस ओढायला तिचा विशेष उपयोग नाही. एकाच तालुक्यात नदीकाठच्या शेतकऱ्याचं आणि माळाच्या शेतकऱ्याचं उत्तर वेगळं येऊ शकतं, ते यामुळे.

हुशार मुलांसाठी पुढची पायरी. प्रत्यक्षात नांगर ओढताना ट्रॅक्टरचं पुढचं तोंड थोडं हलकं होतं आणि वजन मागे सरकतं. त्यामुळे मागच्या चाकांची पकड वाढते आणि दोन्ही ट्रॅक्टरमधला फरक आपल्या गणितापेक्षा कमी भरतो. पुढे लोखंडी वजनं का लावतात, मागच्या टायरात पाणी का भरतात, हे प्रश्न इथे आपोआप सुटतात.

आणखी एक मुद्दा पालकांनी जरूर वाचावा. आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर ट्रॅक्टरांत पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान असतात आणि ती जमिनीवर किंचित जास्त वेगाने ओढतील असे गिअर दिलेले असतात. मऊ रानात हा फरक माती सामावून घेते. कडक डांबरावर माती नसते, मग ताण टायरांवर आणि पुढच्या गिअरांवर येतो. म्हणून रस्त्याला लागलं की पुढच्या चाकांची ओढ काढून टाकायची. टायर बदलतानाही पुढच्या-मागच्या मापांची कंपनीने दिलेली जोडी मोडायची नाही. रस्त्यावर कायम फोर बाय फोर टाकून फिरणाऱ्याचे पुढचे टायर लवकर का संपतात, याचं उत्तर यात आहे.

भाग २ : घसरण मोजू या

हा भाग शिवारात करायचा. ट्रॅक्टर घरातल्या परवानाधारक मोठ्या माणसानेच चालवायचा. मुलांनी बांधावर उभं राहायचं आणि ट्रॅक्टर पूर्ण थांबून इंजिन बंद झाल्यावरच मोजायला रानात उतरायचं. ही अट मोडली तर उपक्रम तिथेच थांबवावा.

साहित्य : मोजपट्टी (टेप), खडू, चार खुंट्या.

कृती : मागच्या चाकावर खडूने खूण करा. अवजार वर उचललेलं ठेवून कडक जमिनीवर चाकाचे १० फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. मग अवजार जमिनीत लावून त्याच चाकाचे १० फेरे होऊ द्या आणि पुन्हा अंतर मोजा.

समजा मोकळं अंतर ४० मीटर आलं आणि नांगरताना ३४ मीटर.
घसरण = (४० − ३४) ÷ ४० × १०० = १५ टक्के.

याचा अर्थ १०० रुपयांच्या डिझेलने चाक जेवढं फिरवलं, त्यातलं १५ टक्के फिरणं पुढे जाण्यात लागलं नाही. थोडी घसरण होणारच, ती शून्य कधी नसते. पण वाढत गेली की डिझेल जातं, टायर झिजतं आणि चाकाखालची माती चोपून घट्ट होते. ट्रॅक्टरच्या अधिकृत ओढ-चाचणीतही चाकाच्या ट्रॅक्टरसाठी १५ टक्के घसरणीची मर्यादा धरतात. मुलांना हे सांगितलं की त्यांना आपल्या मोजमापाचं मोल वाटतं.

ज्यांच्या घरी फोर बाय फोर आहे त्यांनी हीच चाचणी त्याच रानात, तेच अवजार लावून, एकदा पुढची ओढ काढून आणि एकदा घालून करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, ते प्रयोगशाळेशिवाय असं शिकवता येतं.

माती घट्ट होण्याचा मुद्दा शिरोळकरांना नवा नाही. जादा पाणी आणि मिठाने आपल्या तालुक्यातली बरीच जमीन क्षारपड झाली. श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याचं काम झालं आणि पडीक रानं पुन्हा पिकाखाली आली. एवढ्या कष्टाने मोकळ्या केलेल्या रानात ओल असताना जड ट्रॅक्टर घातला तर चाकाखालचा थर पुन्हा दगडासारखा होतो. फोर बाय फोर आहे म्हणून ओल्या रानात जाता येतं, पण जावंच असं नाही. घात येईपर्यंत थांबणं हे कोणत्याही गिअरपेक्षा शहाणपणाचं.

भाग ३ : माहितीपत्रक कसं वाचायचं?

जवळच्या विक्रेत्यांकडून दोन-तीन कंपन्यांची माहितीपत्रकं मागवा आणि गटांत वाटा. उदाहरणासाठी बाजारातले लहान, चार चाकांची ओढ असलेले ट्रॅक्टर घेऊ.

महिंद्रा जिवो २४५ : २४ अश्वशक्ती, २ सिलेंडर.
कुबोटा निओस्टार बी२४४१ : २४ अश्वशक्ती, ३ सिलेंडर.
व्हीएसटी शक्ती एमटी २७० : २७ अश्वशक्ती, ४ सिलेंडर.
जॉन डिअर ३०२८ ईएन : २८ अश्वशक्ती, ३ सिलेंडर.

मुलं लगेच म्हणतात, 'चार सिलेंडरवाला भारी!' इथे थोडं थांबवायचं. पहिल्या दोघांची अश्वशक्ती सारखीच, तरी सिलेंडर वेगळे. जास्त सिलेंडरचं इंजिन सहसा कमी थरथरतं. कमी आणि मोठ्या सिलेंडरचं इंजिन सहसा कमी फेऱ्यांवर जोर देतं आणि त्यात सुटे भागही कमी असतात. सिलेंडर मोजून ट्रॅक्टर ठरत नाही. किती फेऱ्यांवर किती पीळबल मिळतं ते बघायचं.

गटांनी पत्रकात या गोष्टी शोधाव्यात :
- इंजिनाची अश्वशक्ती आणि पीटीओची अश्वशक्ती. रोटाव्हेटर फिरतो तो पीटीओवर, आणि तिथे पोचेपर्यंत ताकद कमी झालेली असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो पहिला आकडा.
- हायड्रोलिक किती किलो उचलतं, आणि ते कुठे मोजलंय.
- ट्रॅक्टरचं वजन आणि एकूण रुंदी. सरीचं अंतर साडेचार फूट असेल तर ट्रॅक्टर त्यात बसेल का? टेप घ्या आणि मोजा.
- वळायला लागणारी जागा. लहान रानात बांधाजवळ वळताना हा आकडा घाम काढतो.
- जमिनीपासूनची उंची. उसाला भर लावताना पीक पोटाला घासणार का?

जिथे आकडाच दिलेला नाही तिथे मुलांनी तक्त्यात 'दिलेले नाही' असं लिहावं. रिकामी जागा हीसुद्धा माहिती असते.

मग पत्रकावर भरवसा किती ठेवायचा? यासाठी मुलांना दोन गोष्टी सांगा.

पहिली अमेरिकेतली. शंभर वर्षांपूर्वी तिथे ट्रॅक्टर कंपन्यांचं पेव फुटलं होतं. मिनियापोलिसच्या एका कंपनीने तर फोर्ड आडनावाचा माणूस हाताशी धरून 'फोर्ड ट्रॅक्टर' नावाने माल विकला. प्रसिद्ध हेन्री फोर्ड यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. नेब्रास्का राज्यातल्या विल्मट क्रोझियर या शेतकऱ्याने तो घेतला आणि पस्तावला. पुढे तो विधिमंडळात गेला आणि १९१९ साली राज्यात कायदा झाला की ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठाकडून त्याची चाचणी व्हायला हवी. १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या. आजही नेब्रास्काची ट्रॅक्टर चाचणी जगभर मानली जाते. फसलेल्या एका गिऱ्हाईकाने स्वतःपुरतं रडत न बसता सगळ्यांसाठी नियम करून घेतला, हे मुलांना आवर्जून सांगावं.

दुसरी आपल्या देशातली. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिथे भारतीय मानकांप्रमाणे ट्रॅक्टर तपासले जातात. पीटीओची खरी ताकद, ताकदीच्या मानाने डिझेल किती, ओढ किती, चालकाच्या कानाशी आवाज किती, थरथर किती, ब्रेक कसे, आणि चाचणीनंतर इंजिन खोलून भाग किती झिजले, हे सगळं अहवालात असतं. विक्रेत्याला 'या मॉडेलचा बुदनीचा अहवाल दाखवा' असं विचारायला पैसे पडत नाहीत. दहावीच्या मुलाला त्यातले आकडे नक्की वाचता येतात.

भाग ४ : 'विश्वासार्ह' म्हणजे काय?

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका शेतकऱ्यांना होती. पुढे १९१० मध्ये, आपल्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेच नांगर घराघरांत गेले. नवीन यंत्रावरचा विश्वास असा वापराने येतो. पण वापराचा अनुभव मोजायचा कसा?

मुलांना हे उदाहरण द्या. गळीत हंगामातले १२० दिवस धरू.

ट्रॅक्टर 'प' हंगामात एकदाच बंद पडला. पण सुटा भाग लांबून यायचा होता, म्हणून ६ दिवस उभा राहिला.
ट्रॅक्टर 'फ' तीनदा बंद पडला. पण गावातल्याच मिस्त्रीने दर वेळी अर्ध्या दिवसात सुरू केला.

विश्वासार्ह कोणता? बहुतेक हात 'प'साठी वर होतात, कारण तो एकदाच बिघडला. आता मोजा.

'प' चालला ११४ दिवस : ११४ ÷ १२० × १०० = ९५ टक्के.
'फ' चालला ११८.५ दिवस : ११८.५ ÷ १२० × १०० = ९८.७५ टक्के.

तोड आली, टोळी फडात उभी आहे, आणि ट्रॅक्टर सहा दिवस बंद! ज्याने हे भोगलंय त्या पालकाला हे गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणून 'किती वेळा बिघडतो' याच्या जोडीला 'बिघडल्यावर किती दिवसांत सुरू होतो' हा प्रश्न हवाच.

मुलांनी गल्लीतल्या पाच ट्रॅक्टरमालकांना विचारायचे प्रश्न :
१. ट्रॅक्टर किती तास चाललाय? (वर्षं विचारू नका, तासमापकावरचे तास विचारा.)
२. गेल्या हंगामात किती वेळा बंद पडला आणि एकूण किती दिवस उभा राहिला?
३. सुटे भाग जयसिंगपूरला मिळतात, की कोल्हापूर-सांगलीला जावं लागतं, की मागवावे लागतात?
४. तेल, फिल्टर वेळेवर बदलता का?
५. पुन्हा हाच घ्याल का?

पाच उत्तरं म्हणजे फार मोठा आधार नाही, हेही मुलांना सांगावं. शिवाय माणूस आपल्या खरेदीचं समर्थन करतोच. म्हणून पाचवा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवला आहे.

फोर बाय फोरमध्ये पुढचा धुरा, त्यातले गिअर, सील आणि तेल हे भाग जास्तीचे असतात. जितके भाग जास्त तितकी देखभाल जास्त. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आपल्याला हे चांगलं शिकवलंय. त्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनीच माणसं आणि जनावरं हलवली. पण पाण्यात बुडालेला ट्रॅक्टर पाणी ओसरल्यावर लगेच सुरू करायचा नसतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढच्या धुऱ्यातलं तेल आधी बघायचं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. इंजिनाचं तेल सगळे बघतात, पुढच्या धुऱ्याचं विसरतात, आणि काही महिन्यांनी तिथून आवाज यायला लागतो.

भाग ५ : गुणभार — तुलनेचा गाभा

आता सगळं एका तक्त्यात आणू. तीन प्रकारचे ट्रॅक्टर घेऊ. 'अ' : २४ अश्वशक्तीचा छोटा, चार चाकांची ओढ. 'ब' : ४५ अश्वशक्तीचा, चार चाकांची ओढ. 'क' : ४५ अश्वशक्तीचा, दोन चाकांची ओढ. १० पैकी गुण वर्गात चर्चेने ठरवायचे. खालचे गुण नमुन्यासाठी आहेत.

| मुद्दा | अ | ब | क |
|---|---|---|---|
| ओल्या रानात ओढ | ६ | ९ | ५ |
| सरीत शिरणे | ९ | ३ | ४ |
| ऊस वाहतूक | २ | ८ | ८ |
| दुरुस्तीची सोय | ६ | ६ | ९ |
| किंमत (स्वस्ताला जास्त गुण) | ८ | ४ | ६ |

नुसती बेरीज केली तर अ ३१, ब ३०, क ३२. जवळजवळ सारखेच! म्हणजे नुसत्या बेरजेने काहीच ठरत नाही. कारण प्रत्येक घराला प्रत्येक मुद्दा सारखाच महत्त्वाचा नसतो. म्हणून एकूण १०० गुणभार वाटायचे. मुद्दे वरच्या क्रमानेच.

पहिलं घर : तीन एकर, भाजीपाला आणि ऊस, सगळं काम घरचंच. गुणभार २०, ३५, ५, २०, २०.
अ ७.२५, ब ५.२५, क ५.८०. इथे छोटा ट्रॅक्टर पुढे.

दुसरं घर : हंगामात ऊस वाहतुकीचा करार, काम मुख्यतः रस्त्यावर. गुणभार १०, ५, ४५, २५, १५.
अ ४.६५, ब ६.७५, क ७.४५. इथे साधा, दोन चाकांच्या ओढीचा पुढे.

तिसरं घर : नदीकाठची सखल रानं, भाड्याने नांगरट. गुणभार ४५, ५, २०, २०, १०.
अ ५.५५, ब ७.४०, क ६.४५. इथे मोठा फोर बाय फोर पुढे.

तक्ता एकच, गुण तेच, तरी तीन घरांची तीन उत्तरं! फळ्यावर हे आलं की वर्गात शांतता पसरते. 'सगळ्यात चांगला ट्रॅक्टर कोणता' हा प्रश्नच अर्धवट आहे, पूर्ण प्रश्न 'कोणासाठी, कोणत्या रानात, कोणत्या कामाला' असा आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक सूचना महत्त्वाची. गुणभार आधी लिहायचे, ट्रॅक्टरचे गुण नंतर. नाहीतर मनात आधीच ठरलेला ट्रॅक्टर जिंकेपर्यंत गुणभार बदलले जातात. मोठी माणसंही हे करतात!

भाग ६ : जादा पैसे वसूल होतात का?

समजा फोर बाय फोरला साध्यापेक्षा १,२०,००० रुपये जादा पडतात. ओल्या रानामुळे साधा ट्रॅक्टर जे दिवस उभा राहिला असता, त्यातले वर्षाला ८ दिवस जादा काम मिळालं. डिझेल आणि मजुरी जाऊन दिवसाला २,५०० रुपये सुटले. वर्षाला २०,००० रुपये. १,२०,००० ÷ २०,००० = ६ वर्षं.

आता मुलांनी आकडे बदलावेत. दिवस ८ ऐवजी ३ च मिळाले तर? १,२०,००० ÷ ७,५०० = १६ वर्षं. कर्जाचं व्याज आणि पुढच्या धुऱ्याची देखभाल धरली तर आणखी जास्त. भाड्याने जाणाऱ्याला जे परवडतं ते फक्त स्वतःचं तीन एकर करणाऱ्याला परवडेलच असं नाही. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. मात्र अनुदान मिळतंय म्हणून गरजेपेक्षा मोठा ट्रॅक्टर घेणं हा तोटाच. भाड्याने नांगरून घेणं हाही एक पर्याय आहे आणि तोही तक्त्यात लिहावा.

महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाऊनमध्ये 'ओजा' ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका दाखवली, ती सगळी चार चाकांच्या ओढीची. म्हणजे बाजार त्या दिशेने चाललाय. बाजार कुठे चाललाय आणि आपल्या रानाला काय हवंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं मुलांच्या लक्षात राहिलं तरी पुरे.

सुरक्षितता : या मुद्द्याला गुणभार नाही

कोणी म्हणेल, सुरक्षितता तक्त्यात का नाही? कारण तिची इतर गुणांशी अदलाबदल करायची नसते. ती अट आहे.

क्वाड गाड्या उलटून ऑस्ट्रेलियात इतकी माणसं दगावली की ऑक्टोबर २०२१ पासून नवीन कामाच्या क्वाडला चालकाचं रक्षण करणारी चौकट सक्तीची झाली. ट्रॅक्टरचंही तसंच आहे. चारही चाकांची ओढ असली म्हणून तो उलटत नाही असं नाही. उलट 'चढेल की' या भरवशावर बांधावर तिरका घातला जातो. चौकट असलेला ट्रॅक्टर घ्यावा आणि चौकट असेल तर पट्टा लावावा. पीटीओच्या फिरत्या दांड्यावर झाकण हवंच. ओढणी, लुंगी, धोतराचा सोगा त्यात क्षणात गुंडाळला जातो. मडगार्डवर मूल बसवायचं नाही, कितीही हट्ट करू दे. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात स्टिअरिंग नको, मग 'आमचा पोरगा बापापेक्षा चांगला चालवतोय' असं कौतुक कितीही होवो.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. १,८०० किलोच्या ट्रॅक्टरचं ६० टक्के वजन मागच्या चाकांवर आहे. पकडीचा गुणांक ०.५ असेल तर दोन आणि चार चाकांची ओढ काढा. (उत्तर : ५४० आणि ९०० किलो)
२. मोकळं अंतर ३६ मीटर, नांगरताना २७ मीटर. घसरण किती? ती योग्य आहे का? उपाय सुचवा. (उत्तर : २५ टक्के; जास्त आहे)
३. आपल्या घरासाठी गुणभार ठरवा. प्रत्येक गुणभाराचं कारण एका वाक्यात लिहा.
४. डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांची ओढ का काढावी?
५. घरी ट्रॅक्टर नसेल तर हीच रीत वापरून सायकल, पंप किंवा मोबाईल यांची तुलना करा.

तिसरा प्रश्न घरी आई-वडिलांशी बोलून सोडवायचा आहे. पालकांना विनंती अशी की त्या संध्याकाळी मुलाला सोबत घेऊन बसा. गुणभार ठरवताना आईलाही विचारा, कारण हप्त्याच्या महिन्यात घरखर्च कुठे कापायचा ते तिलाच माहीत असतं. आठवीतल्या मुलीने तक्ता मांडला म्हणून लगेच तिच्या शब्दावर ट्रॅक्टर घ्या असं नाही. पण शोरूममध्ये सही करण्याआधी तो कागद खिशात असू द्या.